ताई आणि मॅडम

त्या सेंटरमध्ये तिला सगळे ताई म्हणत. रिसेप्शनवरची मुलगी, नर्सेस, सफाईवाल्या मावशी, खुद्द मोठे डॉक्टरसुद्धा. नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं, आणि त्याला कारण तिची धाकटी बहीण. धाकटी तिथे नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच सकाळी सगळ्यांसमोर तिने विचारलं, "ताई, एप्रन कुठे अडकवू?" महिनाभरात अख्खं सेंटर तेच म्हणायला लागलं. धाकटीला मात्र तिथे कुणी छोटी म्हटलं नाही. ती झाली मॅडम. एकाच आईच्या दोन लेकी, एकाच छपराखाली कामाला. एक ताई आणि एक मॅडम.

मूल होत नाही म्हणून जोडपी तिथे उपचारांना येत. तळमजल्यावर तपासण्या, वर छोटं ऑपरेशन थिएटर, आणि थिएटरला लागून दोन खोल्या. पहिली ताईची. तिला सगळे धुण्याची खोली म्हणत. भिंतीत एक हातभर खिडकी होती, तिच्यातून नवरे आपल्या नमुन्याची डबी आत सरकवत आणि नजर चुकवून निघून जात. ताई डबीवरचं लेबल वाचायची, डबी उबेला ठेवायची, अर्ध्या तासाने नमुना पातळ झाला की त्यातला थेंब काचेवर घेऊन शुक्राणू मोजायची. किती आहेत, किती हलतात, किती सरळ पोहतात आणि किती नुसतेच जागच्या जागी गोल फिरतात. मग जाड-पातळ दोन द्रवांच्या थरांवर नमुना अलगद सोडायचा आणि ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. मेलेले आणि कचरा वर अडकतात, धडधाकट तळाला जातात. ते धुवायचे, त्यांच्यावर ताजा द्रव ओतायचा, ट्यूब कलती ठेवायची आणि तासभर वाट बघायची. ज्यांच्यात दम असतो ते पोहत वर येतात. तो वरचा थर अलगद ओढून घ्यायचा, की निवड झाली. लाखोंमधून काही हजार.

ही ट्यूब मग काचेच्या दारापलीकडे जायची, मॅडमच्या खोलीत. तिथे मायक्रोस्कोपखाली मॅडम त्या हजारांतला एक हेरायची, काचेच्या केसासारख्या सुईने त्याची शेपटी दाबून त्याला थांबवायची, सुईत ओढायची आणि बायकोच्या बीजात सोडायची. जितकी बीजं, तितक्या वेळा.

"लाखातून हजार मी काढते, हजारातून एक ती काढते," ताई नवऱ्याला म्हणायची. "आणि बाळाचे फोटो येतात तिच्या नावाने."

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तो म्हणायचा, "अगं, काच मी घासतो आणि गिऱ्हाईक म्हणतं डॉक्टरनं काय नंबर काढलाय! चालायचंच."

पण ताईला ते चालत नव्हतं. फोटो खरंच यायचे. काचेच्या दाराशेजारी एक फळा होता, त्यावर टाचणीने लावलेली गुबगुबीत बाळं, खाली लिहिलेलं: मॅडमच्या सोन्याच्या हातांना. ताई रोज ट्यूब घेऊन त्या फळ्यासमोरून जायची. एकेका बाळाच्या बापाचा नमुना तिला आठवायचा. या टकल्याच्या बापाचे किती थोडे होते! तीन वेळा धुवून, दोनदा कलते ठेवून, चिमटीत मावतील इतके कसेबसे वर आणले होते. आयतं वाढलेलं ताट हिच्यापुढे गेलं आणि वाढणारीचं नाव कुठेच नाही.

दर महिन्याला मोठे डॉक्टर बैठक घ्यायचे. पडद्यावर तक्ता यायचा: किती जोडपी, किती गर्भ तयार झाले, किती जणींना दिवस राहिले. शंभरातून अडतीस, शंभरातून बेचाळीस. एक रकाना होता, सुई कुणी धरली त्याचा. धुणाऱ्याचा रकाना नव्हताच. बेचाळीस झाले त्या महिन्यात डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "हातात यश आहे हो तुमच्या, मॅडम." सगळे हसले. ताईही हसली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

ताईचा हेवा काही सेंटरमध्ये जन्मला नव्हता. वडील लवकर गेले. घरात एकीचंच शिक्षण पुढे रेटता येईल अशी स्थिती, तेव्हा थोरलीने दोन वर्षांचा डिप्लोमा केला आणि नोकरी धरली. धाकटी शिकत राहिली, तिच्या वह्यांवर कव्हरं घालायला थोरली. धाकटी मोठी परीक्षा पास झाली तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे शब्द टाकला तोही थोरलीनेच. "माझी बहीण आहे, हुशार आहे, एकदा बघा तरी." डॉक्टरांनी बघितलं, आणि सहा महिन्यांत काचेचं दार तिच्यासाठी उघडलं. ताई त्या दाराबाहेर एकोणीस वर्षं उभी होती.

आई ताईकडेच राहायची. एकदा दोघी भाजी निवडत बसल्या होत्या तेव्हा आई म्हणाली, "छोटीच्या हाताला यश आहे."

"आणि माझ्या?"

आईने थोडा विचार केला. "तुझ्या हाताला सवय आहे."

आईच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण तो शब्द ताईच्या डोळ्यात कुसळासारखा राहिला.

पुढच्या वर्षी मॅडम एका परिषदेला जाऊन आली आणि येताना एक डबी घेऊन आली. डबीत काडेपेटीएवढी पारदर्शक पट्टी होती, आत केसासारख्या वाटा कोरलेल्या.

"ही चिप," मॅडमने टेबलावर ठेवून दाखवली. तिचे डोळे लहानपणी नवीन पेन मिळाल्यावर व्हायचे तसे झाले होते. "इकडून नमुना सोडायचा, उबेला ठेवायचा, अर्ध्या तासात चांगले आपले आपण पोहत तिकडे पोचतात. फिरवणं नाही, धुणं नाही. फिरवण्यात त्यांना जी इजा होते म्हणतात ती टळते. ताई, तुझं काम किती हलकं होईल बघ!"

हलकं. ताईने तो शब्द उचलला आणि मनात ठेवून दिला. एकोणीस वर्षांचं काम काडेपेटीत मावतं, असा त्याचा अर्थ तिने लावला. कुठल्या नमुन्याला कुठल्या वेगाने फिरवायचं, कुणाला दहा मिनिटं जास्त द्यायची, कुठला थर किती खोलीवरून ओढायचा, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, तिच्या बोटांत होतं. आणि आता पट्टी म्हणणार, आपले आपण पोचतात.

मोठे डॉक्टर हुरळून जाणारे नव्हते. ते म्हणाले, "छापील कागदावर सगळंच चांगलं दिसतं. आपण आपल्याकडे पडताळून बघू." ठरलं असं: जी जोडपी लेखी होकार देतील त्यांच्यासाठी बंद पाकिटं. सकाळी पाकीट फोडायचं. आत 'जुनी पद्धत' असेल तर ताईचं धुणं, 'चिप' असेल तर चिप. दोन्ही तयारी ताईने करायची, सुई मॅडमने धरायची. वर्षअखेरीला आकडे समोरासमोर ठेवायचे.

काम कसं करायचं त्याचा कागद मॅडमने लिहिला. चिपच्या रकान्यात होतं: तीस मिनिटं. त्याखाली तिने आपल्या हाताने एक ओळ वाढवली: नमुना अशक्त असेल तर आणखी पंधरा मिनिटांपर्यंत, ताईच्या अंदाजाने.

ही ओळ ताईने वाचली तेव्हा तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, हाडूक टाकलंय माझ्यापुढे.

पाकिटं फुटायला लागली. 'जुनी पद्धत' निघाली की ताईच्या अंगात वारं शिरायचं. ती नमुन्याला तळहाताच्या फोडासारखं जपायची, वेग बदलून बघायची, कलत्या ट्यूबसमोर स्टूल टाकून बसायची, दुपारचा डबा चारला उघडायची. 'चिप' निघाली की ती कागदाप्रमाणे वागायची. अगदी कागदाप्रमाणे. तीस मिनिटं म्हणजे तीस मिनिटं. नमुना कितीही मरगळलेला असो, घड्याळाचा काटा तिथे आला की ती टोकाला पोचलेले तेवढे ओढून घ्यायची. खाली लिहिलेली ती ओळ जणू तिला दिसतच नव्हती. नियम कुठे मोडला होता तिने? कुणी विचारलं असतं तर तिने कागद नाचवला असता. पण खाई त्याला खवखवे. ओढून घेताना ती काचेच्या दाराकडे पाठ करायची.

महिन्यांमागून महिने गेले. चिपचे आकडे मागे पडायला लागले, निदान अशक्त नमुन्यांचे. बैठकीत मॅडमच्या कपाळावर आठी दिसली की ताईच्या पोटात काहीतरी गार, गोड उतरायचं. ते काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याला नाव दिलं नाही एवढंच.

मग आला लिफ्टवाला. मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, ग्रीसने काळी झालेली नखं, बोलका. बायको शाळेत शिकवणारी, अडतीस वर्षांची. दोनदा अपयश आलेलं, ही तिसरी खेप. इतर नवरे खिडकीतून डबी सरकवून पळायचे. हा तिथेच वाकून आत बघत उभा राहिला.

"ताई, मी लोकांना दहाव्या मजल्यावर चढवतो आणि आमची मंडळी पहिली पायरी चढत नाहीत," तो म्हणाला. "बघा, तुमचं ऐकतात का."

ताईला हसू आलं. "चढवू हो. तुम्ही बायकोजवळ जाऊन बसा."

पाकीट फुटलं: चिप.

नमुना वाईट होता. थोडे, आणि जे होते ते दमलेले. ताईने ते चिपमध्ये सोडले, उबेला ठेवले. तिसाव्या मिनिटाला मायक्रोस्कोपखाली बघितलं तर वाटेच्या टोकाला जेमतेम काही पोचले होते. मागे वाटेत बरेच होते, हळूहळू येत होते. तिच्या एकोणीस वर्षांच्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, दहा मिनिटं दिली तर हे पोचतील. तिने घड्याळाकडे बघितलं. मग काचेपलीकडे बघितलं. मॅडम टोपीत केस खोचत कुणा नर्सशी काहीतरी बोलून हसत होती.

ताईने ओढून घेतलं.

ट्यूब आत देताना नेहमीप्रमाणे दोघींनी लेबल मोठ्याने वाचलं. नाव, नंबर, तारीख. चूक होऊ नये म्हणून दोघींनी एकाच वेळी वाचायचं असा नियम होता. ताईचा आवाज एका अक्षराने मागे राहिला.

मॅडम त्या दिवशी अडीच तास सुईवरून उठली नाही. नऊ बीजं होती, प्रत्येकासाठी एक धड शुक्राणू हवा, आणि थेंबात शोधून शोधून तिला सहाच सापडले. बाहेर आली तेव्हा डोळे लाल, मान अवघडलेली. भिंतीला टेकून म्हणाली, "सहाच झाले गं ताई. तिघांना कुणी मिळालंच नाही." तिने ताईला काहीच विचारलं नाही. किती मिनिटं ठेवलंस, हेसुद्धा नाही. ताईचा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ती धरून चालली होती.

सहातून दोन गर्भ वाढले. एक गर्भाशयात ठेवला, दुसरा पुढे टिकला नाही. चौदा दिवसांनी रक्ततपासणी झाली. नाही.

फाईलची प्रत न्यायला लिफ्टवाला एकटाच आला. जाताना त्याने ताईच्या खिडकीवर टकटक केलं. "ताई, तुम्ही तुमच्याकडून केलंत. आमचं नशीब नाही चढलं." आणि हात जोडावे तसा खिडकीच्या कडेवर हात ठेवून गेला. ग्रीसचा डाग कडेवर राहिला. ताईने तो स्पिरिटने पुसला, मग खुर्चीवर बसली ती बराच वेळ उठलीच नाही.

तिने स्वतःला समजावून बघितलं. शंभरातून साठ जणींना नाहीच म्हणून ऐकावं लागतं. बायको अडतीसची, बीजांचंही वय झालेलं. दहा मिनिटं थांबले असते तरी नाहीच झालं असतं. बहुतेक. आकड्यांचं हेच वाईट. शंभरांचं सांगतात, एकाचं सांगत नाहीत. ती त्या 'बहुतेक'ला धरून दोन दिवस काढायला बघत होती आणि तो शब्द हातातून निसटत होता.

तिसऱ्या दिवशी बैठक होती. तक्ता आला. मोठे डॉक्टर म्हणाले, "अशक्त नमुन्यांत चिप चालत नाही, असं स्पष्ट दिसतंय."

मॅडम उभी राहिली. "हो सर. मी फार भरवसा ठेवला. माझा अंदाज चुकला, सगळ्यांसमोर सांगते. अशा जोडप्यांना यापुढे चिपमध्ये घेऊ नये."

एवढं बोलून ती शांतपणे बसली. आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेही हिलाच जमायचं! चार लोकांत उभं राहून चुकलं म्हणायचं, आणि तेही न केलेल्या चुकीला! मोठ्या डॉक्टरांच्या नजरेत तिच्याबद्दलचा मान वाढलेला ताईला दिसला. बहिणीच्या यशाचा हेवा तिला जुना होता. आता तिच्या हरण्याचाही वाटायला लागला. तिला वाटलं, ही माझ्या पापावरसुद्धा उभी राहून उंच दिसते.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मॅडम धुण्याच्या खोलीत हात धुवायला आली. ताई सेंट्रिफ्यूज पुसत होती.

"तू चुकली नाहीस," ताई म्हणाली.

"काय?"

"चिप चुकली नाही. मी तीस मिनिटांवर ओढत होते. प्रत्येक वेळी. थांबायला हवं हे दिसत असून."

मॅडमने नळ बंद केला. "प्रत्येक वेळी म्हणजे?"

"अशक्त नमुने अकरा आले. अकराही."

"का?"

ताईने फडक्याची घडी केली, परत उलगडली. "तुझी चिप हरावी म्हणून."

 मॅडमचा आवाज चढला नव्हता, तेच ताईला जड गेलं. "माझ्यावर राग होता तर माझ्या थोबाडीत मारायचीस. लहानपणी मारायचीस की. अकरा घरं होती गं ती. शाळेतली ती बाई माझा हात धरून म्हणाली होती, यानंतर आम्ही नाही येणार. तुला माहिती होतं?"

"नाही."

"कुंपणानंच शेत खाल्लं," मॅडम म्हणाली. ओले हात तसेच घेऊन ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, ताईला समोर उभं करून. ताईची बाजू घ्यायला एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी सगळी पाकिटं रद्द केली. आठ महिन्यांचं काम पाण्यात. अकरापैकी तिघींना दिवस राहिले होते. उरलेल्या आठ जोडप्यांना बोलावून त्यांनी खरं ते सांगितलं आणि पुढची खेप सेंटर करून देईल असं कबूल केलं. प्रत्येक वेळी ताईला खोलीत बसवलं. कुणी रडलं, कुणी नुसतं बघत राहिलं. लिफ्टवाला मात्र उठून तिच्यासमोर आला.

"दहा मिनिटं?" तो म्हणाला. "बाई, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला विचारून बघा, दहा मिनिटं म्हणजे किती असतात."

त्या दिवशी तो तिला ताई म्हणाला नाही. ती दोघं पुढची खेप घ्यायला आली नाहीत. सात जोडप्यांनी घेतली, त्यांतल्या दोघींचं झालं.

ताईला महिनाभर घरी बसवलं. आईला तिने रजा घेतलीय म्हणून सांगितलं. नवऱ्याला खरं सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "मला वाटायचं तू गमतीत बोलतेस. लाखातून हजार, फोटो तिच्या नावाने. मी हसायचो."

"मलाही तसंच वाटायचं," ताई म्हणाली.

महिन्याने ती परत गेली तेव्हा चिपचं काम दुसऱ्या सेंटरमधून आलेल्या एका बाईंकडे होतं. पाकिटं पहिल्यापासून सुरू झाली होती. ताईकडे फक्त जुनी पद्धत. मॅडम तिच्याशी लेबलापुरतं बोलायची. नाव, नंबर, तारीख. दिवसातून चार-पाच वेळा दोघी समोरासमोर उभ्या राहून एका सुरात अनोळखी माणसांची नावं वाचायच्या, आणि वाचून झालं की मॅडम वळायची. घरी येणं तिने सोडलंच होतं. "छोटीला इतकं कसलं काम असतं गं?" आई विचारायची. ताई म्हणायची, "असतं."

वर्ष उलटलं. आकडे आले. जुन्या पद्धतीत शंभरातून एकोणचाळीस, चिपमध्ये एक्केचाळीस. अशक्त नमुन्यांत चिप जराशी पुढे, पण तसे नमुने इतके थोडे की कुणी पैज लावू नये. मॅडमने बैठकीत सांगितलं, "हा फरक नाही, योगायोग आहे. फरक आहे तो बायकांच्या वयाचा. पस्तिशीच्या आतल्या आणि चाळिशीच्या पुढच्या असे दोन भाग केले, तर बाकी सगळं त्यापुढे किरकोळ." चिप घ्यायची ती ज्यांना धुण्याने नमुना पुरत नाही त्यांच्यापुरती, असं ठरलं. ताईचं काम राहिलं.

एवढ्याचसाठी तिने ते सगळं केलं होतं. आता ते बसल्या जागी पदरात पडलं होतं, काही न करता. तिने मनात कुठे आनंद सापडतो का चाचपून बघितलं. सापडला तो एकच प्रश्न, जो ती इतकी वर्षं विचारायचं टाळत आली होती.

दोन दिवसांनी लेबल वाचून झाल्यावर मॅडम वळली तशी ताई म्हणाली, "मला सुई शिकव."

मॅडम थांबली. "कशाला?"

"मला जमलं असतं का, ते बघायचंय."

मॅडमने तिच्याकडे नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी. "शनिवारी दुपारी ये. घड्याळ काढून ये, हाताला लागतं."

शनिवारी काचेचं दार ताईसाठी उघडलं. सरावासाठी जोडप्यांनी परवानगी देऊन ठेवलेली, न पिकलेली, एरवी टाकून द्यायची बीजं होती. ताईने डोळे लावले. जे शुक्राणू तिला मोजण्याच्या काचेवर इतकी वर्षं दिसले होते ते इथे वेगळेच दिसत होते. मोठे, खट्याळ, हाताला न लागणारे. दोन्ही हातांत दोन दांडे, डाव्याने बीज धरायचं, उजव्याने सुई. मिलिमीटरचाही कितवा तरी भाग हलायचं आणि तिची सुई धाडकन अंगणभर पळायची. शेपटी दाबायला जावं तर शुक्राणू निसटायचा. निसटला नाही तर चिरडायचा. पहिल्या शनिवारी एकही नाही. दुसऱ्या शनिवारी एक सुईत आला, पण बीज फुटलं. सातव्या शनिवारपर्यंत वीस बीजांतली सतरा फुटली होती.

"श्वास सोडताना सुई घाल," मॅडम मागून सांगायची. "मनगट टेबलावर टेकव. घाई नको करूस." ती शिकवण्यात कंजूषपणा करत नव्हती. तसं केलं असतं तर ताईला सोपं गेलं असतं.

एकदा ताईने तिलाच बसवलं. "तू करून दाखव. मी पडद्यावर बघते."

पडद्यावर सुई आली. डझनभर शुक्राणू इकडेतिकडे पळत होते. सुई थोडा वेळ नुसतीच थांबली, मग एकाच्या वाटेत जाऊन उभी राहिली, जणू त्यालाच भेटायला आली होती. हलकाच दाब. तो थांबला. आत ओढला गेला. बीजाचं आवरण दबलं, सुटलं, आणि आत एक बारीक रेघ तेवढी दिसली. सगळं मिळून मिनिटही लागलं नसेल. ताईने इतके दिवस काचेबाहेरून पाठमोरी बहीण बघितली होती. तिचे हात कधी बघितले नव्हते.

तिच्या छातीत जुनी कळ आली, नेहमीच्याच जागी. फक्त या वेळी तिला चिकटून येणारं दुसरं काही आलं नाही; माझ्यामुळे, माझं घेऊन, मला मिळालं असतं तर, यातलं काहीच नाही. बहिणीला येत होतं आणि तिला येत नव्हतं.

"जळते मी तुझ्यावर," ताई म्हणाली.

मॅडमने डोळे मायक्रोस्कोपवरून काढले नाहीत. "माहिती आहे."

"अजूनही."

"तेही माहिती आहे." मॅडमने सुई बाहेर काढली. "मी त्या अकरांचं विसरलेले नाही, ताई. विसरणारही नाही बहुतेक."

"विसरू नकोस."

मॅडम उठली, खुर्ची मागे सारली. "बसतेस का आणखी एकदा? तीन बीजं उरलीत."

ताईने हातांकडे बघितलं. "नको. पुरे झालं. सोमवारी सकाळी चार जोडपी आहेत, मला द्रव उबेला काढून ठेवायचेत."

ती धुण्याच्या खोलीत गेली. मॅडमने मायक्रोस्कोपवर कव्हर घातलं, आतला दिवा मालवला आणि तिच्यामागून बाहेर आली. दाराशी जरा घुटमळली.

"आई बरी आहे?"

"विचारत असते तुला."

"उद्या येईन," मॅडम म्हणाली. "जेवायला नाही. तासभर."

"ये," ताई म्हणाली, आणि सोमवारच्या लेबलांवर नावं घालायला बसली.